जड बाण

शाळेत मुलांच्या हाती धनुष्य द्यायच्या आधी मी त्यांच्याकडून एकच वाक्य घोकून घेते. दिसल्याशिवाय सोडायचं नाही. आमचं मैदान हर्सूलच्या तुरुंगाच्या अंगाला आहे आणि मुलं आपसांत म्हणतात, की मॅडम ओरडल्या की तुरुंगातले कैदीसुद्धा रांगेत उभे राहतात. म्हणू देत. खेळाच्या शिक्षिकेनं गोड गोड बोलून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. इतकी वर्षं हे वाक्य दुसऱ्यांच्या गळी उतरवत आले, आणि गेल्या खरिपात, माझ्या बहिणीच्या मक्यात, ते मी स्वतःच मोडलं.

आक्का माझी थोरली बहीण. सिल्लोड सोडून अजिंठ्याकडं निघालं की रस्त्यापासून थोडं आत तिचं गाव लागतं. शेत ती आणि दाजी दोघंच बघतात. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, पण गोठ्यात बैलांची जोडी होती, गडद तांबडी, संध्याकाळी काळी वाटावी इतकी गडद. थोरला आणि धाकटा एवढीच त्यांची नावं. माहेरी मला सगळे धाकटीच म्हणत, त्यामुळं आक्का गोठ्यातून "धाकट्या, मेल्या!" म्हणून ओरडली की बैलाच्या आधी मीच मान वर करायचे. दाजींना याचं फार हसू यायचं.

मका कणसं धरायला लागला की त्या भागात रानडुकरं उतरतात. एका रात्रीत निम्मं वावर लोळवून जातात. खातात थोडं, नासतात जास्त. दाजींनी फटाके लावून पाहिले, पत्र्याचा डबा बडवून पाहिला, न्हाव्याकडचे केस पोत्यानं आणून बांधावर पसरले. शेवटी सगळ्या गावानं केलं तेच केलं, जुन्या साड्यांचं कुंपण. त्यासाठी मीही माझं कपाट रिकामं केलं. त्यात मला शाळेतल्या सत्कारात मिळालेली एक मोरपंखी साडी होती. डुकरं नेमकी तिच्याखालून आत गेली.

"तुमच्या साडीला मान देऊन, वाकून गेली बघा," दाजी म्हणाले.

आक्का मात्र त्यांना कधी डुक्कर म्हणत नसे. तिच्या सासूनं तिला नवी नवरी असतानाच बजावलेलं, की दिवेलागणीला त्याचं नाव घेतलं की ते घराची वाट धरतं. म्हणून ती जनावर म्हणायची. काल जनावर आलं होतं. जनावरानं खालचा तुकडा पार लोळवला. तिच्या तोंडी साप निघाला तरी जनावर, आणि गोठ्यात बांधलेली ती तर जनावरं असतातच. कुठलं जनावर ते आपण अंदाजानं ओळखायचं. घरातले ओळखायचेही.

"अगं, सरळ डुक्कर म्हण ना," मी तिला चिडवायचे. "त्याला काय मराठी कळतंय?"

"तू तुझ्या शाळंत शिकव. इथं नको."

तर अशा घरात मी धनुष्य घेऊन गेले. कशाला, याचं खरं उत्तर मला आता देता येतं. मक्यासाठी नाही. मला मिरवायचं होतं. दाजी मला कायम 'मास्तरीणबाई' म्हणायचे आणि धनुष्यबाण म्हणजे पोरखेळ असं त्यांचं मत होतं. शाळेतलं बांबूचं धनुष्य आणि मुलांच्या सरावाचे बाण पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यात भरून मी एसटीनं निघाले. कंडक्टरनं विचारलं, "पडद्याचा रॉड हाय का, बाई?" मी हो म्हटलं.

रानडुक्कर मारायला सरकारी परवानगी लागते. ती आम्ही कुणाकडं मागितली नव्हती. हेही इथंच लिहून टाकते, उगाच पुढं कुणाला मी भोळी वाटायला नको.

पहिल्या खेपेला मी वावरातल्या राखणीच्या माळ्यावर बसले. चांगलं उजेडाचं, ऊन उतरत होतं तेव्हाच एक दांडगं डुक्कर बांधावर आलं, अगदी समोर. मी धनुष्य ओढलं आणि बाण सोडला. बाण त्याच्या खांद्याला बरोबर लागला, टप्पकन आवाज आला आणि तो खाली पडला. डुकरानं कान हलवला आणि खाणं चालू ठेवलं. माळ्याखाली उभ्या असलेल्या दाजींना हसू आवरेना. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, लई दिवसांची खाज हुती त्याला. बरं झालं खाजवलं."

आक्काही हसली. मी पण हसले, पण माझं डोकं फिरलं होतं. माझा नेम चुकला नव्हता आणि तरी माझंच हसं झालं होतं. ते मला पचेना.

शहरात परत आले ती हेच डोक्यात घेऊन. शाळेचे बाण हलके असतात, कारण त्यांना लांब जायचं असतं आणि मऊ गादीत रुतायचं असतं. हलका बाण भुर्रकन सुटतो, पण लागला की त्याचा जीव संपतो. बाण जड असला तर तो जरा आळसानं निघतो, लवकर खाली येतो, म्हणून जवळून मारावा लागतो. पण धनुष्याची ताकद तो पोटात घेऊन जातो आणि लागल्यावर थांबत नाही. हे सगळं मी पूर्वी कुठंकुठं वाचलेलं, ऐकलेलं. कधी करून बघायची वेळ आली नव्हती. शाळेतल्या बाणांना पातं लावायचं कारणच काय?

मी कारण शोधलं. हर्सूलच्या एका लोहाराकडून पाती घडवून घेतली. विळ्याखुरप्यांच्या ढिगात त्यानं ती ठेवली होती आणि कशाला हवीत हे विचारलंही नाही. चिकलठाण्यातल्या एका लेथवाल्याकडून पितळेच्या सळईचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणले आणि ते बांबूच्या पोकळ तोंडात बसवले. एवढ्यानं भागेना, तेव्हा दाजींच्या विहिरीवरची जळकी मोटर आठवली. त्यांनी ती उघडून आतली तांब्याची तार मला काढून दिली. दर रविवारी आक्काच्या ओसरीवर बसून मी ती तार पात्याच्या मागं फेऱ्याला फेरा लावून घट्ट गुंडाळली, वरून चिकट रसायन लावलं आणि उन्हात वाळवली. केकसाठी घेतलेला वजनकाटा मी शहरातून सोबत नेला होता. बाण काट्यावर ठेवायचा, मग बोटावर आडवा धरून त्याचा तोल कुठं येतो ते बघायचं. सुरुवातीला टोक इतकं जड झालं की बाण सुटताना मासोळीसारखा वळवळायचा. मग जाड काठीचा बांबू घेतला, लांबी थोडी कमी केली, पिसं मोठी लावली. हळूहळू तो सरळ जायला लागला.

मी ते दिवस फार मजेत घालवले. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? शाळेत हजेरी, रांगा, शिट्ट्या यांत माझं निम्मं आयुष्य गेलं. आपल्या हातानं एखादी गोष्ट घडवावी, ती नीट उडावी, हा आनंद मला उतरत्या वयात पहिल्यांदाच मिळत होता. दाजींचंही हसणं थांबलं होतं. ते समोर उकिडवे बसून तारेचं टोक धरून ठेवायचे.

गोठ्यामागं आम्ही कडबा भरलेलं पोतं टांगलं. जुना बाण त्यात बोटभर शिरला. जड बाण पिसांपर्यंत गेला. दाजींनी टाळी वाजवली.

"आता घुसल," ते म्हणाले.

दोन्ही बैल दावणीला रवंथ करत आमच्याकडं बघत होते. धाकट्यानं तर आवाजाला कान टवकारले होते. मी जाऊन त्याच्या कपाळावर थोपटलं आणि म्हणाले, "बघ, तुझी मावशी किती हुशार हाय." हे वाक्य मला आजही अधूनमधून ऐकू येतं आणि स्वयंपाकघरात एकटी असले तरी माझे कान तापतात.

पोळा जवळ आला होता. त्या संध्याकाळी दाजी मोटरसायकल घेऊन अजिंठ्याला गेले होते, झुली आणि गोंडे आणायला. आक्का गोठ्यात होती आणि मी माळ्यावर. सूर्य गेला होता, पण उजेड अजून रेंगाळत होता. मका डोक्याच्या वर गेलेला. आत काय चाललंय ते दिसायचं नाही, फक्त तुरे हलायचे. वारा नसताना हलले म्हणजे आत कुणीतरी आहे. मी बाण लावून बसले होते.

तेवढ्यात गोठ्याकडून आक्का ओरडली.

"जनावर शिरलं गं मक्यात! हाण त्याला! हाण!"

तुरे हलताना मला दिसत होते. माळ्यापासून जवळच, एका रेषेत, कुणीतरी कणसं मोडत पुढं येत होतं. ताटांच्या फटीतून काळं काहीतरी सरकलं. मी धनुष्य ओढलं. दिसल्याशिवाय सोडायचं नाही, हे वाक्य मला आठवलं का? आठवलं असं म्हणायचं धाडस होत नाही, आणि नाही आठवलं म्हणायला जीभ वळत नाही. मला पोतं आठवत होतं. पिसांपर्यंत गेलेला बाण आठवत होता. मी सोडला.

डुक्कर केकाटतं, तसं काही ऐकू आलं नाही. आतून बैल हंबरला.

तो आवाज मी ओळखला. मी माळ्यावरून कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. हात सोलले होते ते दुसऱ्या दिवशी कळलं. मका तुडवत गेले तर धाकटा पुढच्या गुडघ्यांवर बसलेला होता, तोंडात अजून अर्धं कणीस. मागच्या मांडीत बाण पार आत गेला होता, तांब्याच्या तारेसकट. बाहेर फक्त पिसं आणि वीतभर काठी.

आक्का मागून पळत आली. तिच्या हातात तुटलेलं दावं होतं. बैल दावं तोडून मक्यात घुसला म्हणून तिनं मला हाक मारली होती. हाण म्हणजे एक रट्टा दे आणि बाहेर काढ. तिनं नेहमीसारखं जनावर म्हटलं, आणि ज्या बाईला इतकी वर्षं त्या शब्दाचं हसू येत होतं, त्या बाईला नेमकं डुक्कर ऐकू आलं.

 आक्का खाली बसली, त्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि त्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवरून हात फिरवत राहिली. मी बाण उपसायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला. "राहू दे. डॉक्टर काढल." एवढंच. मग मी दाजींना फोन लावला. ते येतानाच जनावरांच्या डॉक्टरला मागं बसवून घेऊन आले.

डॉक्टर तरुण होता. बॅटरीच्या उजेडात जखम बघून म्हणाला, "हे काय लागलंय?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "कुंपणाचा खुंट हुता जुना, त्याच्यावर…"

"नाय," आक्का म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "माझ्या बहिणीनं बाण मारलाय. डुक्कर समजून."

घराघरांत नुकतेच दिवे लागत होते. आक्काच्या तोंडून तो शब्द मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. दाजीसुद्धा चमकून तिच्याकडं बघायला लागले.

डॉक्टरनं बाण काढला, जखम धुतली, टाके घातले. काढलेला बाण हातात तोलून बघत तो म्हणाला, "लई जड हाय हो हा. साधा असता तर कातड्यालाच अडला असता." तो सहज म्हणाला. त्याला त्यात काही टोमणा मारायचा नव्हता.

मग प्रश्न एकच राहिला, धाकटा उभा राहतो की नाही. मी शाळेत रजा टाकून तिथंच राहिले. सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची, माश्या बसू नयेत म्हणून औषध लावायचं, हिरवा चारा तोंडाजवळ न्यायचा. तो मला हात लावू द्यायचा. मला वाटायचं, यानं एक लाथ तरी मारावी. तो माझा तळहात चाटायचा आणि पेंड शोधायचा. पोळा आला आणि गेला. आणलेल्या झुली पिशवीतून बाहेरही निघाल्या नाहीत. त्यानंतर एका सकाळी तो आपण होऊन उठला, आणि आक्का पदर डोळ्याला लावून रडली. पण पाऊल टाकलं तसा मागचा पाय फरफटला. डॉक्टर म्हणाला, जगेल, चरेल, पण नांगराला नाही.

"नाहीतरी यंदापासून ट्रॅक्टरच करायचा हुता," दाजी मला म्हणाले. त्यांचा ट्रॅक्टरवर किती राग आहे ते मला चांगलं माहीत आहे. माझ्यासाठी खोटं बोलत होते बिचारे.

जोडी मोडली म्हणजे थोरलाही रिकामाच. दाजींच्या चुलतभावाचा एक बैल एकटा होता, त्याच्या जोडीला थोरला गेला. त्याला नेलं त्या दिवशी मी तिथंच होते. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तरी धाकटा दावणीतून हंबरत होता. कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला होता, तो तसाच गार झाला.

मला कुणीच काही बोलेना, हे सहन होईना. शाळेत कुणाचं चुकलं की मी मैदानाला फेऱ्या मारायला लावते. चूक फिटते, पोरगं दुसऱ्या दिवशी हसत येतं. इथं मला कुणी फेऱ्या मारायला लावत नव्हतं. शेवटी मीच आक्काला म्हणाले, "तू मला शिव्या दे, काहीही कर, पण बोल तरी."

ती धान्य पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "तुला कशाला शिव्या देऊ? मीच म्हणाले ना हाण. तू हाणलंस. नीट नाव घेतलं असतं तर झालं नसतं."

 इतके दिवस ती गप्प होती, ती माझ्यावर रागावून नव्हे. ती स्वतःला दोष देत होती. मी तिला परोपरीनं सांगितलं. आक्का, तुझ्या शब्दानं काही झालं नाही. मी न बघता सोडला. आणि जुना हलका बाण असता तर तो कातड्यावरून खाली पडला असता, त्या डुकराच्या अंगावरून पडला तसा. मी तो जड केला. महिनाभर बसून, हौसेनं, दाजींनी केलेल्या एका चेष्टेपायी जड केला. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली आणि पुन्हा पाखडायला लागली. तिला पटलं नाही. आजपर्यंत पटलेलं नाही. बैलाच्या पायापेक्षाही मला हे जास्त छळतं.

शाळेत आता मी आणखी एक नियम केला आहे. बाण सोडण्याआधी समोर काय आहे ते मोठ्यानं सांगायचं. मुलांना हे अगदीच खुळचट वाटतं, कारण मैदानावर गोल पट्ट्यांच्या गादीशिवाय काहीही नसतं. "मॅडम, गादी दिसतेय," असं एकेक जण ओरडतो आणि बाकीचे खिदळतात. मी कारण सांगत नाही. उरलेले जड बाण माझ्या घरच्या पोटमाळ्यावर पाइपातच पडून आहेत, त्यांची तार हिरवी पडली असेल.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी आक्कानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. संध्याकाळी खांदेमळणी होती. औत ओढून बैलाचा खांदा घट्टे पडून राठ झालेला असतो, त्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि तूप चोळतात. आक्कानं वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू चोळ."

मी धाकट्याच्या मानेवर हात ठेवला. वर्षभर त्यावर जू नव्हतं. घट्टे गेले होते, कातडी मऊ पडली होती आणि वर बारीक नवे केस आले होते. चोळायला तिथं काही उरलंच नव्हतं. तरी मी चोळत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी पुसू शकत नव्हते, कारण दोन्ही हात हळदीचे. आक्कानं त्याला दरवर्षीसारखं आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." जोडीला म्हणायचं तसंच, दोघांना बोलावल्यासारखं. बाजूची दावण रिकामी होती.

धाकट्याच्या गळ्यात एक पितळी घुंगरू होतं, मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ते तांब्याच्या तारेनं बांधलेलं. मी तार बोटानं फिरवून पाहिली.

"तुझ्या बाणाचीच हाय," आक्का म्हणाली. "चांगली तार, कशाला फेकायची? आता हा कुठं बी शिरला तरी वाजतंय."

दाजी आत कंदिलाची वात कापत होते, वीज गेली होती. उजेड तसाच होता, गेल्या वर्षी होता तेवढाच. मी वाटी खाली ठेवत होते, तेवढ्यात मक्यात सळसळ झाली. वारा नव्हता. तुरे हलले, थांबले, पुन्हा हलले. मी जागच्या जागी थिजले. धाकटा माझ्या हाताशी उभा होता आणि त्याचं घुंगरू गप्प होतं, तरी मी हळदीच्या हातांनी त्याचं दावं धरून ठेवलं.

आक्कानं मक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली, आणि ऐन दिवेलागणीला, लहान मुलाला शिकवावं तशी, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "डुक्कर हाय. डुक्कर."

आणि पत्र्याचा डबा उचलून बडवत बांधाकडं गेली.